नाग नदीची वही, महिना चौथा: नमुना पहाटे का घ्यायचा

आधी कबुली. पहिल्या महिन्याचे सामूचे (pH, म्हणजे पाणी किती आम्ल की अल्कधर्मी) सगळे आकडे खोडले. मीटरचं इलेक्ट्रोड मी दर वेळी धुऊन, पुसून, कोरडं करून ठेवत होतो. ते पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणात ओलं राहायला हवं. सामू ७ च्या बफरमध्ये (सामू आधीच ठाऊक असलेल्या द्रावणात) बुडवलं तर ६.३ दाखवलं. स्वच्छतेची हौस नडली.

दुसरा बदल वेळेचा. नागपुरातल्या अंबाझरी तलावाच्या खालच्या अंगाला मी रविवारी दुपारी जायचो, कारण सुट्टी. मग ट्रेनबोलोनबद्दल वाचलं. अमेरिकेत मांसासाठी पाळलेल्या गुरांच्या कानाच्या कातडीखाली या संप्रेरकाची गोळी बसवतात. शेणामुतातून उरलेसुरले अंश ओढ्यात येतात. उन्हात ते झपाट्याने नाहीसे होतात, म्हणून काळजी मिटली असं धरलं जाई. २०१३ साली ‘सायन्स’मधल्या शोधनिबंधाने ते उलटं केलं. ऊन त्या रेणूला मोडत नाही, त्याला फक्त पाण्याचा रेणू जोडतं. अंधार पडला की तो सुटतो आणि मूळचं द्रव्य परत हजर! तेही सामू ७, २५ अंश अशा साध्या पाण्यात. परतीचा वेग तापमान आणि सामूवर ठरतो. म्हणजे भरदुपारी नमुना घेणारा स्वतःलाच फसवतो.

नाग नदीत गुरांपेक्षा माणसांचं सांडपाणी जास्त, त्यामुळे इथला सवाल वेगळा. शरीर इस्ट्रोजेनला साखरेसारखा तुकडा जोडून निष्क्रिय करतं आणि बाहेर टाकतं. गटारातले जिवाणू तोच तुकडा तोडतात; संप्रेरक पुन्हा मोकळं. बांधलेलं सोडायचा धंदा इथेही आहेच, फक्त ऊन-अंधाराऐवजी जिवाणू करतात.

हे पदार्थ लिटरमागे नॅनोग्रॅममध्ये मोजतात, माझ्या पाचशे रुपयांच्या मीटरचं ते काम नाही. ट्रेनबोलोनच्या परतीचा वेग ज्यांवर ठरतो, त्या दोनच गोष्टी मी मोजतो: सामू आणि तापमान. गेल्या रविवारी पहाटे साडेपाचला सामू ७.४, पाणी २४ अंश. दुपारी तीनला ८.२ आणि ३१. शेवाळ दिवसभर कार्बन डायऑक्साइड ओढतं, म्हणून सामू चढतो. एवढा फरक एकाच दिवसात असेल असं वाटलं नव्हतं.

चहाच्या टपरीवाले काका म्हणाले, “काय करून राहिले भाऊ, इतक्या पहाटे?” नाल्याचा ताप मोजून राहिलो, म्हटलं. त्यांनी चहाचे पैसे घेतले नाहीत.

पुढच्या महिन्यात रात्री बाराचाही आकडा घेणार, सोबत येणारा कोणी मिळाला तर. टॉर्च माझ्याकडे आहे.