मिरच्या मोजून सांगा: बँकॉकमधलं एक इसान जेवण

बँकॉकचे पहिले दोन दिवस वाट फो, वाट अरुण ही देवळं आणि उकाडा यांतच गेले. लिहायचंय ते तिसऱ्या रात्रीबद्दल. रस्त्याकडेचं इसान, म्हणजे ईशान्य थायलंडच्या, पद्धतीचं हॉटेल, प्लास्टिकच्या खुर्च्या, आणि आम्ही पाचही जणांनी आपापला फ्राइड राइस मागवलेला. कढई एकच, त्यामुळे पाचवी प्लेट येईपर्यंत पहिलीवाला हात धुऊन बसला होता. चूक आमचीच: इथे नुसता भात ज्याचा त्याचा, बाकी सगळं मधोमध ठेवून वाटून खायचं. पाच जणांत पाच-सहा पदार्थ पुरतात: सोमताम म्हणजे कच्च्या पपईची कोशिंबीर, भाजलेली कोंबडी, लाब म्हणजे खिम्याची आंबट-तिखट कोशिंबीर, एखादं सूप, एखादी परतलेली भाजी.

सोमतामचा खल दारातच होता. उभा, मातीचा, बत्ता लाकडी. आधी लसूण-मिरच्या, मग ताडगूळ, चवळीच्या शेंगा, टोमॅटो, सोडे, शेंगदाणे, लिंबू, नाम प्ला म्हणजे माशाचं खारं पाणी, आणि कच्च्या पपईचा कीस सगळ्यात शेवटी. एका हातात बत्ता, दुसऱ्यात चमचा. कुटायचं कमी, खालवर करायचं जास्त. पपई चेचली तर करकरीतपणा गेलाच. मीठ-गुळाने तिला पाणी सुटतंच, म्हणून हे ताट आलं की आधी संपवायचं, फोटो नंतर.

'कमी तिखट' म्हणून काही साधत नाही, कमी कुणाच्या मानाने? आकडा सांगावा: 'फ्रिक सोंग मेत', मिरच्या दोन. त्या आपल्या लवंगीच्या भावकीतल्या आहेत. 'आम्ही कोल्हापूरचे' ही ऐट पाचवीला टिकत नाही. आंबवलेल्या माशाचा वास नको असेल तर 'सोमताम थाई' मागायचं; 'प्ला रा', म्हणजे तो आंबवलेला मासा, घातलेलं मागायचं नाही.

चिकट भात बांबूच्या झाकणाच्या टोपलीत येतो. तो पाण्यात शिजवत नाहीत, काही तास भिजवून वाफवतात. लाडवाएवढा तोडून चिमटीत दाबायचा आणि त्यानेच लाब उचलायचं. झाकण उघडं राहिलं की दहा मिनिटांत त्याचा खडा होतो. रस्सा मात्र त्यात मुरत नाही. करी मागवलीत तर साधा भात घ्या.

शाकाहारी माणसाला इथे आणणं ही आमची चूकच. मांस वगळलं तरी नाम प्ला राहतो. त्याच्यासाठी पिवळ्यावर लाल थाई अक्षरांत 'जे' लिहिलेली पाटी शोधायची. तिथे अंडं-दूधच काय, कांदा-लसूणही चालत नाही, चातुर्मासच म्हणा. आमच्या मित्राने चिकट भात, कच्चा कोबी आणि काकडी यांवर रात्र काढली.

शेवटी तोम यम हे आंबट-तिखट सूप आलं. त्यातल्या गवती चहाच्या काड्या आणि कुलंजनाच्या चकत्या कढीपत्त्यासारख्या बाजूला काढायच्या असतात. आमच्यातला एक जण आलं समजून चकती बराच वेळ चावत होता.