नागपूर ते खवासा: स्वयंपाकाचा चाकू सोबत असेल तर

नागपूरहून दुचाकीवर रामटेक, रात्री सिल्लारीजवळच्या गावात मुक्काम, तिथून देवलापारवरून खवासा ओलांडून मध्य प्रदेशातलं, पेंच व्याघ्र प्रकल्पाचं तुरिया गेट, असा आमचा मार्ग होता. पेंचमध्ये वाघ कुठे दिसतो, जिप्सी कशी मिळते यावर भरपूर लिहिलेलं सापडतं. मी चाकूबद्दल लिहितोय, कारण त्यावर कोणी लिहीत नाही. रोडगे आणि वांग्याच्या भाजीचा बेत असलेल्या प्रत्येक टोळीच्या पिशवीत चाकू असतोच, आणि शंभरेक किलोमीटरच्या या पट्ट्यात त्याच चाकूला लागणारा कायदा पुन्हा पुन्हा बदलतो.

निघण्याआधी सामान काढून बघितलं. माझ्याकडे पाचेक इंच पात्याची भाजी चिरायची सुरी होती. एका मित्राने खटक्याचा चाकू आणला होता, बटण दाबलं की पातं बाहेर येणारा. तो आम्ही घरीच ठेवायला लावला. कारण पुढे येईलच.

मूळ कायदा देशभर एकच, शस्त्र अधिनियम १९५९. निव्वळ घरगुती किंवा शेतीच्या कामासाठी बनवलेल्या वस्तू त्याने शस्त्राच्या व्याख्येतून बाहेर ठेवल्या आहेत. म्हणून घरातली पावशी (विळी), शेतातला विळा, सरपणाची कुऱ्हाड यांना परवाना लागत नाही. शस्त्र नियमांच्या अनुसूचीत, म्हणजे शस्त्रांच्या यादीत, तलवार, गुप्ती, खंजीर, भाले आणि ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याचे चाकू येतात, पण तिथेही घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक आणि औद्योगिक वापराची हत्यारं वगळलेली आहेत. इथपर्यंत सोपं आहे. फरक पडतो तो कलम ४ मुळे. एखाद्या भागात गरज वाटली तर त्या भागापुरती अधिसूचना काढून अशा हत्यारांवर बंधन घालता येतं. दिल्लीत १९८० च्या अधिसूचनेनुसार खटक्याच्या वगैरे चाकूंसाठी ७.६२ सेंटीमीटर लांबी आणि १.७२ सेंटीमीटर रुंदी ही मर्यादा आहे. मध्य प्रदेशात १९७४ ची अधिसूचना सार्वजनिक ठिकाणी ६ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याला मनाई करते, आणि खटक्याचा चाकू असेल तर पातं केवढंही असो, मनाईच. मित्राचा चाकू घरी राहिला तो यासाठी. खवासाचा नाका ओलांडला की ९ इंचांचा हिशेब संपतो. हद्दीपलीकडे रान तेच, सागही तोच, म्हणून नियमही तेच असतील असं मनात धरून लोक जातात.

आता महाराष्ट्रातली गोष्ट, जी मला जास्त महत्त्वाची वाटते. ९ इंचांहून लहान चाकू म्हणजे बिनधास्त, असं समजू नका. महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ च्या कलम ३७ खाली मनाई आदेश निघतो. नागपूर शहरात तो पोलीस आयुक्त काढतात, ग्रामीण भागात जिल्हादंडाधिकारी. सण, यात्रा, निवडणुका, आंदोलनं या दिवसांत हे आदेश नेहमीचे. त्यातली भाषा एकदा नीट वाचा: शस्त्रे, सोटे, तलवारी, भाले, दंडे, बंदुका, सुरे, काठ्या किंवा शारीरिक इजा करण्यासाठी वापरता येईल अशी कोणतीही वस्तू. इंच नाही, सेंटीमीटर नाही. आदेश मोडला तर कलम १३५ खाली एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. म्हणजे परवा चालून गेलेली सुरी आज त्याच चौकात अडचणीची ठरू शकते, आणि शहरात आदेश लागू असताना ग्रामीण हद्दीत तो नसेल, किंवा उलटंही. निघायच्या आदल्या दिवशी जिल्ह्याच्या संकेतस्थळावर किंवा स्थानिक पेपरात बघा. नाही सापडलं तर पोलीस ठाण्यात सरळ विचारा, ‘३७ (१) चा आदेश चालू आहे का?’ आम्ही विचारलं. ठाण्यातल्या हवालदारांनी तारखा बघून सांगितलं, वर ‘भाजीच्या सामानात गुंडाळून ठेवा, कमरेला लावू नका’ असंही बजावलं. हा सल्ला लाखमोलाचा आहे. चाकू कशासाठी आहे हे तो कुठे आणि कशासोबत ठेवलाय यावरून कळतं. स्टो, कांदे, पोळपाटाबरोबर पिशवीच्या तळाशी असलेली सुरी आणि पँटच्या खिशातली तीच सुरी, तपासणाऱ्याला या दोन वेगळ्या गोष्टी दिसतात, आणि माझ्या मते ते बरोबरच आहे.

सिल्लारीच्या गेटवर मात्र कारणही चालत नाही. एकीकडे पेंच राष्ट्रीय उद्यान, लागून मानसिंगदेव अभयारण्य. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ च्या कलम ३१ प्रमाणे लेखी पूर्वपरवानगीशिवाय अभयारण्यात शस्त्र नेता येत नाही, राष्ट्रीय उद्यानालाही तेच लागू. आणि या कायद्यातल्या शस्त्राच्या व्याख्येत धनुष्यबाण, जाळी, विष, फास यांच्यासोबत चाकू नावानिशी आहे. घरगुतीची सवलत त्यात नाही. आमच्या पुढच्या गाडीतल्या काकांच्या डब्याच्या पिशवीत सफरचंद कापायची छोटी सुरी निघाली. गेटवरचा वनरक्षक शांतपणे म्हणाला, ‘काका, हे आत नाही नेता येत. केवढीबी असो. वापस येताना घेऊन जा.’ काकांना ते लागलं, चेहऱ्यावर दिसत होतं. पण मेळघाटात २०१३ साली उघडकीला आलेली वाघांची शिकार ज्यांना आठवते, त्यांना हा कडकपणा खटकणार नाही. आत फळं न्यायचीच तर चिरून डब्यात न्या. सुरी मुक्कामाच्या खोलीवर ठेवा.

जंगलालगतच्या बफर पट्ट्यातल्या गावकऱ्यांच्या खांद्यावर कुऱ्हाड बघून ‘यांना कसं चालतं?’ असा प्रश्न आमच्यातल्या एकाने विचारला. गावाच्या शिवारात कुऱ्हाड हे रोजचं अवजार आहे. त्यांनाही ती घेऊन अभयारण्याच्या आत शिरता येत नाही, आणि हद्द त्यांच्या घराशेजारून जाते, त्यामुळे त्यांना आपल्यापेक्षा फार जास्त सांभाळून वागावं लागतं. पाहुण्यांनी त्याचा दाखला देऊन गेटवर वाद घालू नये.

खवासाच्या पुढे तपासणी झाली तर घाई करून चाकू बाहेर काढून दाखवू नका. ‘साहेब, स्वयंपाकाच्या सामानात सुरी आहे’ असं आधी तोंडाने सांगा, पिशवी त्यांना उघडू द्या. जप्त केलीच तर जप्ती पंचनाम्याची प्रत मागा, हुज्जत नको. चार-पाच इंचांचं साधं पातं, लाकडी किंवा प्लॅस्टिकची मूठ, वर पुठ्ठ्याचं म्यान, एवढ्यात वांगी-कांद्याचं सगळं काम होतं. ‘सर्व्हायव्हल’ नावाने विकतात ते दातेरी, काळे, म्यानातून कमरेला लटकवायचे चाकू इकडे आणू नका. ते हत्यार म्हणूनच बनवलेले दिसतात, आणि घरगुती वापराची सवलत तिथेच हातची जाते.

वाटेतल्या आठवडी बाजारात लोहाराकडे विळे, खुरपी, सुरे फार सुरेख मिळतात. पोलादाला धार कशी चढते ते तो अंगठ्याच्या नखावर पातं टेकवून दाखवतो. घ्या जरूर, पण गोणपाटात बांधून डिकीत टाका आणि लोहार देत असेल तर चिठ्ठी घ्या. नागपूरहून विमानाने परतणार असाल तर हे सगळं चेक-इनच्या बॅगेत घाला. केबिनच्या बॅगेत राहिलं तर ते सुरक्षा तपासणीतच सोडावं लागेल.