सोपी वाट अडवली की तेल सुटतं

परदेशात आल्यापासून माझा बराच वेळ दगडातून पाणी ढकलण्यात जातो. दगड म्हणजे वालुकाश्माचा बोटभर दंडगोल, आमच्या भाषेत ‘कोअर’. ओहायोचा बेरिया वालुकाश्म या कामासाठी जगभर वापरला जातो. त्याचा साधारण पाचवा हिस्सा पोकळ असतो, पण ती पोकळी सूक्ष्मदर्शकाशिवाय दिसत नाही. जमिनीखालचं तेल अशाच छिद्रांत मुरलेलं असतं.

विहीर खणल्यावर आधी साठ्याच्या दाबानेच तेल वर येतं. दाब ओसरला की दुसऱ्या विहिरीतून पाणी सोडतात. तरीही निम्म्याहून अधिक तेल बहुधा खडकातच राहतं. पाण्याला एकदा मोठ्या छिद्रांतून वाट सापडली की मागचं सगळं पाणी तिथूनच धावतं. शेजारचे थेंब पृष्ठताणाने जागीच अडकतात. हा ताण मीटरला ३० मिलिन्यूटन धरला, तर दोन छिद्रांना जोडणाऱ्या १० मायक्रॉन त्रिज्येच्या चिंचोळ्या गळ्याशी सुमारे ६ किलोपास्कलचा अडसर उभा राहतो. वाहत्या पाण्याचा थेंबावर पडणारा जोर त्याच्या शतांशही नसतो.

इथे मायक्रोकॅप्सूल कामी येतात. लवचिक कवचाचे हे इवलेसे गोळे पाण्यासोबत सोडले, की जिथे प्रवाह जास्त तिकडेच ते जास्त जातात आणि त्या वाटेचे गळे बुजवतात. मग पाण्याला तेल भरलेल्या छिद्रांकडे वळावंच लागतं. कुठे जायचं हे त्यांना सांगावं लागत नाही, याचं मला अजूनही नवल वाटतं. कडक कण कायमचे तुंबतात. कॅप्सूल मात्र दाब वाढला की चेपून निसटते आणि पुढचा गळा गाठते.

म्हणून सगळी मदार कवचावर. आम्ही ते जेलनचं करतो. जिवाणूंपासून मिळणारा हा पदार्थ खाण्यातही वापरतात, आणि कॅल्शियम मिळालं की तो घट्ट होतो. काचेत कोरलेल्या कृत्रिम खडकात कॅप्सूल गळ्याशी थबकते आणि शेजारचा रुतलेला थेंब हलू लागतो, ते बघताना पापणी लवत नाही.

काचेतून तेलक्षेत्रात जाणं मात्र अवघड आहे. खोलवरची उष्णता, खारं पाणी हे कवचाने सोसायला हवं. शिवाय एकसारख्या कॅप्सूल आम्ही थेंबाथेंबाने बनवतो, तिथे त्या टनावारी लागतील. मला वाटतं, उत्पादनाचा हा प्रश्न कवचाच्या प्रश्नापेक्षा मोठा आहे. भूजलाच्या थरात सांडून अडकलेलं तेलही असंच हलवता येईल का, हे मला पुढे तपासायचं आहे. तिथे लागणारं प्रमाण लहान असेल, म्हणून आशा जास्त वाटते.