आमची वाटचाल : झोपलेला कंद विकताना

कळलावी कोकणात विकत कोण घेणार, ती तर गडग्यावर फुकट उगवते. रोपवाटिका सुरू करताना हेच ऐकवलं गेलं आणि ते खोटंही नव्हतं. श्रावण-भाद्रपदात करवंदीच्या जाळीतून तिच्या वेलाची लाल-पिवळी फुलं डोकं काढतात. काही गावांत तिला वाघनखी म्हणतात. पण जाळीतला कंद खणून परसात लावणाऱ्याच्या हाती पुढच्या पावसात बहुधा काहीच लागत नाही. आमचा धंदा उभा राहिला तो याच अडचणीवर.

अडचण कंदाच्या घडणीत आहे. तिचं संस्कृत नाव लांगली, म्हणजे नांगरासारखी. कंद दोन हातांचा, मधे वाकलेला, बोटाएवढा जाड. बटाट्याला जागोजागी डोळे असतात. इथे एका हाताला एकच डोळा आणि तोही अगदी टोकाला. हे टोक खडूसारखं खटकन मोडतं. ते गेलं की उरलेला हात कितीही जाडजूड असो, त्याला कोंब फुटत नाही. त्यात नवा कंद दरवर्षी थोडा अधिक खोल उतरतो, त्यामुळे जुन्या जाळीतला कंद वीतभर खाली, जांभ्याच्या दगडांत अडकलेला असतो. कुदळीच्या पहिल्या घावातच टोकं जातात. रानातून खणून आणलेला माल आम्ही घेत नाही, त्यामागे रानाची काळजी आहेच, पण हा हिशेबही आहे.

म्हणून सुरुवात बियांपासून केली. दिवाळीच्या सुमारास बोंडं तीन फाकांत उकलतात, आत शेंदरी दाणे. वरचं मऊ साल धुऊन, दाणे सावलीत सुकवून ठेवायचे आणि मे अखेरीस पेरायचे. काही जुलैत उगवतात, काही थेट पुढच्या पावसाळ्यात. ट्रे रिकामा दिसतो म्हणून माती ओतून टाकणं ही इथली नेहमीची चूक. पहिल्या वर्षी वर गवतासारखी चार पानं, खाली जेमतेम वाटाण्याएवढा कंद. फूल तिसऱ्या-चौथ्या पावसात. तोवर भांडवल मातीतच. त्यानंतर गाडी जरा हलते: दोन हातांच्या कंदातून दोन वेल येतात, प्रत्येक वेलाखाली नवा कंद धरतो आणि जुना सुरकुतून जातो. एकाचे दोन, दोनाचे चार. त्याहून भराभर नाही. भाव का कमी होत नाही, याचं उत्तर एवढंच.

बी धरण्याची युक्ती तमिळनाडूकडून घेतली. तिथलं हे राज्यफूल. करूर, तिरुप्पूरकडे कोल्चिसिन या औषधी द्रव्यासाठी बियांची शेती होते. फुलाची परागवाहिनी देठाजवळ काटकोनात वळून परागकोशांपासून दूर जाते, त्यामुळे फुलपाखरू किंवा शिंजीर पक्षी आला नाही तर बोंड रिकामं. आम्ही सकाळी आठ ते अकराच्या दरम्यान, पाऊस उघडलेला असताना, बारीक कुंचल्याने पराग दुसऱ्या वेलावरच्या फुलाला लावतो.

विक्रीत मात्र आम्ही बराच काळ चुकत होतो. गणपतीच्या बाजारात फुललेला वेल पिशवीत घालून विकला. दिसायला झकास, पण दिवाळीनंतर वेल पिवळा पडून सुकतो, तो त्याचा स्वभावच आहे. झाड सुकतंय म्हणून घरचे जास्त पाणी घालतात आणि कंद नेमका त्याने कुजतो. मग 'तुमचं झाड मेलं' अशी तक्रार. आता फुललेला वेल विकतच नाही. फेब्रुवारी ते मे या काळात झोपलेला कंद विकतो, किमान 50 ग्रॅमचा. त्याहून लहान कंद पहिल्या वर्षी फुलण्याची खात्री नसते, तो वाफ्यातच ठेवतो. प्रत्येक हात वेगळा कागदात गुंडाळून, खोक्यात भाताचं तूस गच्च भरून पाठवायचा. प्लॅस्टिकच्या पिशवीत घाम धरतो आणि बुरशी येते.

लावायची वेळ आगोटीची. रोहिणी लागल्या की कुंडी भरावी: दोन भाग लाल माती, एक भाग नदीची जाड वाळू, एक भाग कुजलेला पातेरा. समुद्राची वाळू नको, तिच्यात मीठ असतं. कुंडी 12 इंच रुंद आणि तेवढीच खोल, तळाला चिऱ्याचे तुकडे. कंद आडवा, 6-7 सेंटिमीटर खोल, टोकं कुंडीच्या काठाला न टेकता. जागा अशी हवी की बुंध्याला सावली आणि शेंड्याला चार-पाच तास ऊन मिळेल. पागोळीखाली कुंडी ठेवणाऱ्यांना आम्ही कंद बदलून देत नाही. तिथल्या धारेने जुलैतच कंदाचा चिखल होतो.

आधार हा सर्वांत दुर्लक्षित भाग. कळलावीला वेगळे ताणे नसतात, पानाचं टोकच वळून धरतं. ते टोक बारीक असतं, त्याला अंगठ्याएवढा बांबू धरता येत नाही. सुतळी, झाडूच्या हिरासारख्या काटक्या, करवंदीची सुकी फांदी, काहीही चालेल, पण बारीक आणि कोंब वर येण्याआधी रोवलेलं. नंतर काठी खुपसली तर ती कंदातून जाते. उंची पाच-सहा फूट. किनाऱ्यावर खाऱ्या वाऱ्याकडची बाजू भिंतीने अडवावी. कोवळा शेंडा मोडला की त्या हाताची त्या वर्षीची फुलं बहुधा गेलीच.

जुलै-ऑगस्टमध्ये पानांवर काळ्या अंगाची, पांढऱ्या ठिपक्यांची आणि लालसर डागांची अळी दिसेल. आपल्याला मारणारं विष ती मजेत पचवते. दोन दिवसांत वेलाचा सांगाडा होतो. फवारणीपेक्षा रोज सकाळी वेचून साबणाच्या पाण्यात टाकणं खात्रीचं. अंडी पानावर पुंजक्याने असतात, ते पान आधीच काढावं.

विषाबद्दल आम्ही आडपडदा ठेवत नाही. कंद, बी, पान, सगळंच विषारी आणि शिजवूनही विष जात नाही. आपल्याकडे कणगी, करांदे घराघरांत खातात, तेव्हा कळलावीचा कंद स्वयंपाकघरात किंवा त्यांच्या टोपलीजवळ ठेवूच नये. चुकून खाल्ला गेला तर उलटीची वाट न पाहता रुग्णालय गाठावं आणि उरलेला कंद सोबत न्यावा. घरात रांगतं मूल किंवा सुटी बकरी असेल तर आम्ही रानहळद सुचवतो. 'ही लावली की घरात कळ लागते' म्हणणारी गिऱ्हाइकं आजही येतात. मधे त्यांच्यासाठी लेबलवर अग्निशिखा हे तिचं दुसरं नाव छापून पाहिलं, खपही वाढला. पण अग्निशिखा वाचून कोणी हात आखडत नाही, कळलावी वाचून आखडतो. लेबल परत बदललं.

पाने पिवळी पडू लागली की पाणी पूर्ण बंद. वेल वाळून आपोआप सुटला की कुंडी आडवी करून माती हाताने मोकळी करावी, कंद ओढू नये. हातमोजे घालावेत. दोन-तीन दिवस सावलीत सुकवून कोरड्या वाळूत, नावाची चिठ्ठी लावून, मुलांच्या हाताबाहेर ठेवावा. न काढता कुंडीतच ठेवायचा असेल तर कुंडी छपराखाली, मेपर्यंत थेंबही नको.

मागणी 20 मेपर्यंत घेतो. त्यानंतर हवेतल्या ओलाव्याने खोक्यातच कोंब फुटतो, तो वाटेत मोडतो आणि पोहोचतो तो निव्वळ एक बिनडोळ्याचा कंद.