माल हलला का?

११ तारीख, मंगळवार

आज जीएसटीआर-१ची, म्हणजे व्यापाऱ्यांनी महिन्याची विक्री दाखवायच्या विवरणपत्राची, शेवटची तारीख. रात्रीपर्यंत विक्रीची बिलं पोर्टलवर चढत राहतील आणि उद्यापासून अधिकाऱ्यांची मागणी सुरू होईल, अमक्याचा डेटा काढून द्या म्हणून. जीएसटीची खोटी बिलं डेटातून शोधायच्या या टेबलावर नवीन बसणारा प्रत्येक जण आधी रकमांच्या मागे लागतो. रक्कम सगळ्यात शेवटी बघावी.

समजा २५ टन लोखंडी भंगार आहे, भाव टनाला ३५ हजार. माल ८ लाख ७५ हजारांचा, त्यावर १८ टक्क्यांनी कर १ लाख ५७ हजार ५००. भंगार जागचं हललंच नाही, नुसतं बिल फाडलं, तरी घेणारा तेवढं क्रेडिट, म्हणजे खरेदीवर दिलेल्या कराची वजावट, उचलतो आणि आपल्या विक्रीवरच्या करात वळतं करून टाकतो. विकणाऱ्यानेही रोख भरलेली नसते. त्याने त्याच्या मागच्याचं क्रेडिट वापरलेलं असतं. असं तीन-चार कड्या मागे गेलं की एक फर्म सापडते, जिची विक्री कोटींत आणि खरेदी शून्य. साखळीत कुठेच तिजोरीत पैसा आलेला नाही. म्हणून पहिला प्रश्न एकच: माल हलला का?

त्याआधी साफसफाई. निम्मा वेळ यातच जातो आणि बहुतेक चुका इथेच होतात. फाइल थेट एक्सेलमध्ये उघडली की '१-१२' हा बिल नंबर १ डिसेंबर होऊन बसतो. '००४५'चे पुढचे शून्य गळतात. बँक खातं १६ अंकी असेल तर शेवटचा अंक शून्य होतो, कारण एक्सेल १५च अंक धरून ठेवतं. मग दोन वेगळी खाती एकच दिसतात आणि नसलेलं नातं जुळतं. सगळे कॉलम आधी टेक्स्ट म्हणून आत घ्यावेत. दुरुस्त केलेली बिलं वेगळ्या तक्त्यात येतात. मूळ ओळ काढली नाही तर तोच माल दोनदा मोजला जातो. क्रेडिट नोट (माल परत आला किंवा भाव कमी झाला की विकणारा काढतो ती) वजा करायची राहिली तर विक्री फुगते.

मूळ फाइलला हात लावायचा नाही. आली त्या दिवशीच तिची हॅश, म्हणजे फाइलमधल्या मजकुरावरून निघणारा आणि मजकूर बदलला की बदलणारा सांकेतिक आकडा, काढून नोंदवायची आणि काम कॉपीवर करायचं. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालच्या प्रमाणपत्रात हीच हॅश लागते. नंतर काढलेल्या हॅशने मधल्या काळात फाइल बदलली नाही हे सिद्ध होत नाही.

१४ तारीख, शुक्रवार

आज २बी हे पोर्टलवरचं विवरण तयार झालं, म्हणजे घेणाऱ्याच्या बाजूने क्रेडिट दिसायला लागलं. आता ई-वे बिलं, म्हणजे माल गाडीत भरून नेताना लागणारे ऑनलाइन परवाने, समोर घ्यायची.

रद्द झालेली आधी बाजूला. मग गाडी नंबर एकसारखे करायचे: कुठे मध्ये जागा सोडलेली, कुठे शून्याच्या जागी इंग्रजी ओ. त्यानंतर 'वाहन' या सरकारी वाहन नोंदणीच्या डेटाशी जुळणी. २५ टनांच्या ई-वे बिलावर स्कूटरचा नंबर निघाला की कुणालाही आनंद होतो, पण थांबावं. एकच अक्षर चुकलेलं असू शकतं. त्याच विकणाऱ्याची आधीची-नंतरची बिलं काढली आणि त्यात अगदी जवळचा, ट्रकचा नंबर दिसला, तर ती टायपिंगची चूक आहे. तोच स्कूटरचा नंबर ओळीने ४० बिलांवर असेल, तर गोष्ट वेगळी. ट्रॅक्टर दिसला म्हणूनही उडी मारू नये. आपल्याकडे ट्रॅक्टर-ट्रॉली कांदाही वाहते आणि जवळपास भंगारही.

सगळ्यात बोलका पुरावा अंतर आणि वेळ यांचा. नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतून जालन्याच्या रोलिंग मिलपर्यंत अडीचशे किलोमीटरच्या आसपास. भरलेला ट्रक तेवढ्याला सहा-सात तास सहज घेतो. एका गाडीवर एकाच दिवशी जालन्याच्या तीन खेपा असतील तर कागद खोटा आहे. आणि त्याच दुपारी तिचा फास्टॅग घोटीच्या टोलनाक्यावर वाजला असेल, तर गाडी मुंबईच्या रस्त्यावर होती, जालन्याच्या नव्हे. उलट बाजूही तपासावी: पिंपळगावच्या नाक्यावर दिसलेल्या गाडीचं ई-वे बिल नाही म्हणून ती संशयित ठरत नाही. ताज्या कांद्यावर जीएसटी नाही, त्याला ई-वे बिलही लागत नाही, आणि या दिवसांत लाल कांदा सुरू असतो.

विजेच्या बिलाबद्दल. लोखंड वितळवणाऱ्या इंडक्शन भट्टीला टनाला सहाशे युनिटच्या आगेमागे वीज लागते, त्यावरून उत्पादनाचा अंदाज बांधता येतो. पण केवळ विजेच्या वापरावर उभी केलेली मागणी कोर्टात टिकत नाही. हा आकडा टिपणात जोड म्हणून द्यावा, पाया म्हणून नव्हे.

२० तारीख, गुरुवार

३बीचा, म्हणजे महिन्याचा कर भरायच्या विवरणपत्राचा, दिवस. बोगस फर्म बऱ्याचदा इथेच उघडी पडते: जीएसटीआर-१ वेळेवर, ३बी नाहीच. किंवा भरलेलं, पण जवळपास सगळा कर क्रेडिटमधून आणि रोखीत नाममात्र.

टिपण लिहिताना मला सगळ्यात जास्त धास्ती वाटते ती घेणाऱ्याची. जीएसटी कायद्याच्या कलम १६(२)(क) नुसार विकणाऱ्याने कर भरला नसेल तर घेणाऱ्याचं क्रेडिट जातं. सातपूरच्या एखाद्या छोट्या वर्कशॉपने खरा माल खरा पैसा देऊन घेतला असला तरी. शिवाय फर्म ज्याच्या नावावर असते तो अनेकदा बिगारी कामगार निघतो. कर्ज मिळवून देतो म्हणून कुणीतरी आधार, पॅन आणि लाइट बिल नेलेलं असतं. पहिलं समन्स त्याच्या दारात जातं. म्हणून पॅनवरच्या नावापेक्षा पोर्टलवरचा मोबाइल, ईमेल आणि पैसे शेवटी काढले गेले ते खातं यांना वजन द्यावं. पाच फर्मचा मोबाइल एकच असेल, तर तोही कर सल्लागाराचा नाही ना, हे बघूनच पुढे जावं.

घेणाऱ्यांच्या यादीत चार कॉलम मी कधीच सोडत नाही: खरेदीची तारीख, पैसे दिल्याची तारीख, विकणाऱ्याची नोंदणी रद्द झाल्याच्या आदेशाची तारीख आणि ती रद्द ज्या तारखेपासून लागू केली ती तारीख. आदेश आज निघतो आणि लागू होतो दोन वर्षं मागून. खरेदीच्या दिवशी पोर्टलवर ती फर्म चालू दिसत होती की नाही, हे या चारच कॉलमांवरून अधिकाऱ्याला समजतं.