त्सेलेचे घोडे बघायला एप्रिलमध्ये जाऊ नका

मी गेलो होतो म्हणून सांगतोय. त्सेले हे उत्तर जर्मनीतलं गाव. हॅनोव्हर शहरातून रीजनल ट्रेनने साधारण अर्धा तास, तिथून पायी सरकारी अश्वपैदास केंद्र, आणि तबेल्यात बघतो तर कप्पेच्या कप्पे रिकामे! वसंतात नर घोडे गावोगावच्या केंद्रांवर घोड्या फळवायला जातात हे मला कुठे माहीत. चूक माझीच, आधी चौकशी करायची ना.

मग सप्टेंबरात परत गेलो, नर घोड्यांची परेड असते तेव्हा, सोबत बाबा होते. बाबांचं बालपण सारंगखेड्याची घोड्यांची जत्रा बघण्यात गेलेलं, त्यामुळे इथल्या हॅनोव्हेरियन जातीच्या घोड्यांना वॉर्मब्लड म्हणतात हे कळल्यावर पहिला प्रश्न, "वॉर्मब्लड म्हणजे यांचं रक्त जास्त गरम असतं का रे?" नाही हो बाबा, ते स्वभावावरून. अरबी आणि शर्यतीचे थरोब्रेड तडफदार म्हणून हॉटब्लड, ओझं ओढणारे थंड डोक्याचे ते कोल्डब्लड, आणि हे मधले.

हॅनोव्हेरियनची गोष्ट खरं तर गरजेप्रमाणे घोडा बदलत गेल्याची आहे. इंग्लंडचा राजा दुसरा जॉर्ज हा हॅनोव्हरचाही शासक, त्याने 1735 मध्ये हे केंद्र काढलं, शेतकऱ्यांना आपल्या घोड्यांसाठी चांगला नर कमी पैशात मिळावा म्हणून. सुरुवातीला होल्स्टाइनचे काळे घोडे, पुढे इंग्लिश थरोब्रेडचं रक्त. शेतीला आणि सैन्याला दोन्हीकडे चालेल असा घोडा हवा होता. दुसऱ्या महायुद्धानंतर ट्रॅक्टर आले, नांगराला घोडा कुणाला हवा? तेव्हा पुन्हा थरोब्रेड आणि पूर्व प्रशियाच्या ट्राकेनर जातीचं रक्त आणून तो हलका, खेळाचा केला. जर्मन स्वार इझाबेल वेर्थला 1996 च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये ड्रेसाजचं (घोड्याच्या शिस्तबद्ध चालींच्या स्पर्धेचं) वैयक्तिक सुवर्ण मिळालं ते ज्याच्या पाठीवर, तो जिगोलो हॅनोव्हेरियनच.

परेडमध्ये एक तांबूस घोडा आमच्या समोरून दुडकीने गेला, चारही पाय पांढरे, कपाळापासून नाकापर्यंत पांढरा पट्टा. बाबा उठूनच उभे राहिले, "अरे, हा पंचकल्याणी!" मागच्या आजीबाई जर्मनमध्ये पुटपुटल्या, बाबांना बसवलं एकदाचं. त्या दुडकीत पाय हवेत जरा जास्तच वेळ राहतो असं वाटतं, व्हिडिओत हे कळत नाही.

जुन्या घोड्यांच्या डाव्या मांडीवर डाग दिलेला दिसला तर नीट बघा, एच अक्षर आहे पण वरची टोकं घोड्याच्या डोक्यासारखी वळलेली. तिकडच्या जुन्या शेतघरांच्या छपरावर तशीच लाकडी डोकी एकमेकांवर तिरकी ठोकलेली असतात, ती खेड्यांतून जाताना दिसतात.

परेडचं तिकीट आधीच ऑनलाइन काढा. डॉइचलांडटिकीट हा महिन्याचा पास रीजनल ट्रेनला चालतो, आयसीई या वेगवान गाडीला नाही. जॅकेट घ्या, सप्टेंबरात उन्हातही वारा बोचतो. घोड्यांना काही खायला घालू नका, बाबांनी खिशातून गुळाचा खडा काढला होता, मी वेळीच हात धरला. आणि वेळ उरला तर त्सेलेच्या जुन्या लाकडी चौकटींच्या घरांतून एक चक्कर मारा, किंवा दुसऱ्या दिवशी फेर्डेन गावचं घोड्यांचं म्युझियम करा. आम्ही दोन्ही एकाच दिवशी कोंबायला गेलो आणि म्युझियम राहिलंच.