गेले कसे हो?

दहाव्याला रामकुंडावर जमलेल्या मंडळींना कावळा शिवेपर्यंत तसं काहीच काम नसतं. पिंड मांडलेले, गुरुजी वर बघताहेत, आणि कावळे समोरच्या छपरावर निवांत. अशा वेळी मागच्या रांगेतून दबक्या आवाजात प्रश्न येतोच, "पण गेले कसे हो?" उत्तर "झोपेत" असं आलं, की "भाग्यवान!" म्हणताना विचारणाऱ्याचा चेहरा जरा पडतो. गोष्ट हुकलेली असते.

मग दुसऱ्यांच्या गोष्टी निघतात. तिरडीवर उठून बसलेला माणूस तर प्रत्येकाच्या गावात होऊन गेलेला असतो. सांगणाऱ्याने तो पाहिलेला नसतो, त्याच्या मामांनी पाहिलेला असतो.

इतिहासाचे मामाही काही कमी नाहीत. ग्रीक नाटककार एस्किलस म्हणे टकलामुळे गेला. गरुडाला ते टक्कल खडक वाटलं आणि त्याने वरून कासव टाकलं. त्यात वस्तू अंगावर पडून मरशील असं भाकीत झालेलं, म्हणून गडी मुद्दाम उघड्यावर बसला होता! ही दंतकथाच; पण काही गरुड कासवं खरंच खडकावर टाकून फोडतात, त्यामुळे ती पुरती झटकताही येत नाही.

हुमायून मात्र अस्सल. 1556 साली दिल्लीत, ग्रंथालयाच्या जिन्यावर असताना अजान ऐकू आली, तो गुडघे टेकायला गेला, पाय झग्यात अडकला आणि कोसळला. गेलेलं राज्य परत मिळवून वर्षही झालं नव्हतं.

माझा आवडता फ्रेंच संगीतकार लुली. (मरणात आवडतं काय असायचं, पण असो.) चौदावा लुई आजारातून उठला, म्हणून 1687च्या जानेवारीत मोठा कार्यक्रम झाला. तेव्हा जमिनीवर जड काठी आपटून ताल देत. ती लुलीने स्वतःच्याच पायावर हाणली. जखम चिघळली, पाय कापू द्यायला हा तयार होईना, कारण तो नाचायचाही. मार्चमध्ये गेला. राजा पुढे 28 वर्षं जगला!

या गोष्टी आपण इतक्या चवीने का ऐकतो, याचा मला दाट संशय आहे. पंचवटीत डोक्यावर कासव पडण्याची धास्ती नाही. ते मरण दुसऱ्याचं, म्हणून सुरक्षित. खरी पंचाईत होते ती "चहा घेतला, पेपर मागितला, अन् मान टाकली" हे ऐकल्यावर. चहा-पेपर तर आपल्याही घरी असतो. मग लगेच चौकशी सुरू. "शुगर होती का? बीपी? तंबाखू?" काहीतरी "होतं" निघालं, की विचारणारा सैलावतो. काहीच नव्हतं म्हटलं, तर तो वय विचारतो आणि मनातल्या मनात वजाबाकी करायला लागतो.